काकूंनी गाळलेल्या ओळी

काकूंना अर्ज लिहून द्या म्हटलं की त्या आधी लिफाफा काढायच्या. पोस्टात मिळतो तसला, लांबट, खाकी. तो तुमच्यासमोर टेबलावर ठेवायचा, पेनाचं टोपण काढायचं आणि विचारायचं, "कोण खोलणार?" तुम्ही "म्हणजे?" म्हणालात की त्या वैतागायच्या. "अरे, हा लिफाफा तिकडे पोचला, तर कोणाच्या हातात जाणार? नाम बोल, नाम." नाव माहीत नसेल तर अर्ज नाही. पुढे सगळे अर्ज ईमेलने जायला लागले, लिफाफ्याचं काही कामच उरलं नाही. तरी काकू लिफाफा काढायच्या, त्यावर ठळक अक्षरात नाव लिहायच्या, तो कॉम्प्युटरला टेकवून उभा करायच्या आणि मग टाइप करायला घ्यायच्या. अर्ज गेला की त्याच लिफाफ्याच्या मागे किराणाची यादी लिहायच्या.

उज्जैनच्या फ्रीगंजात, एका औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. एक लांबट खोली, एकच खिडकी. मी शिकायला गेले तेव्हा तिथे सहा टाइपरायटर होते, नंतर दोन उरले आणि त्यांच्या जागी चार कॉम्प्युटर आले. पाटीवर शेवटपर्यंत ‘हिंदी-अंग्रेजी टाइपिंग’ एवढंच होतं. अर्ज लिहून मिळतात असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि निम्मे लोक त्यासाठीच जिना चढायचे. आमच्या मराठी घरांत कोणाचा मुलगा बरेच दिवस घरी दिसला की पोह्यांच्या बशीबरोबर सल्ला यायचा, "त्याला एकदा काकूंकडे पाठवा." हिंदी घरांतली मुलं त्यांना ‘काकूजी’ म्हणायची. काकूंना ते मनातून फार आवडायचं.

"काकू, ‘संबंधित अधिकारी’ म्हणून लिहा ना," असं कोणी म्हटलं की त्या चष्म्यावरून बघायच्या. "संबंधित म्हणजे कोण? बाई आहे का माणूस? वय किती? डाक सकाळी सकाळी वाचतो की जेवून झोप येत असताना?" मग फर्मान निघायचं, "जा, बघून ये. गेटावर उभा राहा, चौकीदाराशी बोल, चहावाल्याशी बोल. आत कोण बसतं, कशावर भडकतं, आधीचा माणूस का गेला, सगळं विचारून ये. नंतर लिहू." अर्ज लिहायला आलेली माणसं अशी उन्हातान्हात पिटाळली जायची आणि त्यातली निम्मी परत यायची नाहीत. काकूंना त्याचं काही वाटत नसे. ज्याला गेटापर्यंत जायचा कंटाळा आहे त्याला तिथे रोज आठ तास बसवायचं कशाला, असा त्यांचा साधा हिशेब होता.

अभय नावाचा एक बी.ए. झालेला मुलगा होता. भैरवगढला कापड छापण्याचा एक कारखाना आहे, तिथे ऑफिसात माणूस हवा होता. अभयने अर्ज घरूनच तयार करून आणला होता. मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, सगळं त्यात होतं. काकूंनी तो वाचला आणि वर बोट केलं. "हा तर त्या पंख्यालाही लागू पडतो. मेहनती आहे, प्रामाणिक आहे, वेळेवर चालू होतो." अभयला पिटाळलं. तो दुसऱ्या दिवशी शर्टाच्या बाहीला निळा रंग लावून परत आला. मालकाची मुलगी सुरतेला लग्न होऊन गेली होती आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना उत्तरं तीच लिहायची, त्यामुळे तिथे चिठ्ठ्यांचा आणि ईमेलचा ढीग पडला होता, एवढं त्याला कळलं होतं. काकूंनी अर्जाची पहिलीच ओळ लिहिली, ‘आपके यहाँ जो चिट्ठियाँ जवाब के लिए रुकी हैं, वे मैं लिख सकता हूँ.’ मेहनती हा शब्द त्यात कुठेच नव्हता. अभय अजून तिथेच आहे, आता दोन मुलांचा बाप आहे.

एकाच माणसाचे तीन ठिकाणी जाणारे तीन अर्ज त्या तीन तऱ्हेने लिहायच्या. शाळेच्या अर्जात त्याचं अक्षर चांगलं असायचं, हॉटेलच्या अर्जात त्याला राग येत नसायचा आणि दवाखान्याच्या अर्जात तो रात्रपाळीला तयार असायचा. आमच्या बॅचमधल्या एका मुलीने धीर करून विचारलं, "काकू, मग ही फसवणूकच झाली की नाही?" काकू म्हणाल्या, "लग्नाला जाताना महेश्वरी नेसतेस, दवाखान्यात जाताना साधी सुती नेसतेस. दोन्ही तुझ्याच कपाटातल्या ना? मग फसवणूक कसली? शेजारणीच्या कपाटातली नेसलीस तर मी ओरडेन." आणि खरंच ओरडायच्या. एकाला अर्जात ‘फर्राटेदार इंग्रजी’ लिहून हवं होतं. काकूंनी त्याला इंग्रजीतून पाणी मागायला सांगितलं. तो ‘प्लीज’ म्हणाला आणि तिथेच थांबला. काकूंनी त्याला मराठीतून पाणी दिलं आणि ती ओळ लिहिली नाही.

अर्ज झाला की काकू तो मोठ्याने वाचायच्या, पण स्वतःच्या आवाजात नाही. लिफाफ्यावर ज्याचं नाव असेल त्याच्या आवाजात. पान खाणारा साहेब असेल तर गाल फुगवून, शाळेची मुख्याध्यापिका असेल तर मान ताठ करून. मध्येच जांभई द्यायच्या, घड्याळ बघायच्या, "अरे भाई, चाय लाओ" म्हणून खोट्या शिपायाला हाक मारायच्या. जिथे साहेबाला जांभई आली ती ओळ त्या ताबडतोब उडवायच्या. आम्ही मुली टायपिंग सोडून हसत बसायचो. काकू मात्र हसायच्या नाहीत, कारण त्यांच्या लेखी साहेब खरोखरच त्या खुर्चीत येऊन बसलेला असायचा.

त्यांच्या सासरचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात कारकून होते. काकू म्हणायच्या, "त्यांनी सरदारांची पत्रं लिहिली, मी बेकारांची लिहिते. खानदान का काम चालू है." स्वतः मात्र त्यांनी आयुष्यात एकही अर्ज केला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "मला कोण ठेवेल? मी पहिल्याच दिवशी साहेबाची चिठ्ठी दुरुस्त करीन." अलीकडे मुलं मोबाइलकडून अर्ज लिहवून आणायची. काकू तो मन लावून वाचायच्या आणि परत द्यायच्या. "भाषा मस्त आहे रे. पण हा कोणीही कोणालाही पाठवू शकतो."

मी त्यांच्याकडे बारावीनंतर हिंदी टायपिंग शिकायला गेले आणि परीक्षा संपल्यावरही जात राहिले. माझा वेग चांगला होता. नव्या मुली आल्या की काकू त्यांना माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवायच्या आणि म्हणायच्या, "वैशूकडे बघून शिका, मला वेळ नाही." मला काही येतं, असं आयुष्यात पहिल्यांदा मला त्या खोलीत वाटलं. मी शाळेत मधल्या बाकावरची मुलगी. मला दाखवून कोणी कोणाला काही शिकवेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

बाबा एका सरकारी कार्यालयात होते. त्यांच्याच कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहायचो, आई, बाबा आणि मी. मी सव्वीस वर्षांची असताना बाबा ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यांचा डबा संध्याकाळी एक शिपाई घरी घेऊन आला. तो न उघडलेला होता. आईने तो घासून पालथा घातला.

मला रडू आलं नाही. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. राम घाटावर दहाव्याचा विधी चालला होता, गुरुजी सांगतील तसं मी करत होते, आणि खालच्या पायरीवर एक बाई कपडे पिळत होती तिच्याकडे माझं लक्ष होतं. एकच चादर ती पुन्हा पुन्हा पिळत होती. लोक येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवत होते. आपल्याला दुःख झालेलं आहे हे मला ठाऊक होतं, जसं दारं लावून घरात बसलं तरी बाहेर ऊन आहे हे ठाऊक असतं. त्यापलीकडे काही नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, आणि त्याची लाजसुद्धा वाटत नव्हती.

क्वार्टर काही महिन्यांत सोडायचं होतं. सरकारी माणूस नोकरीत असताना गेला तर त्याच्या घरातल्या एकाला अनुकंपा म्हणून नोकरी देतात. ती मला मिळाली तर क्वार्टर राहणार होतं आणि आम्ही उज्जैनमध्ये राहणार होतो. नाही मिळाली तर अकोल्याला मामाकडे. मामाने मागची खोली रंगवूनसुद्धा घेतली होती. आई दिवसातून एकदा म्हणायची, "मला अकोल्याला नको गं नेऊस." ती त्या दिवसांत एवढंच बोलायची.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकू घरी आल्या. आईजवळ थोडा वेळ नुसत्या बसल्या आणि मग पिशवीतून लिफाफा काढला. "वहिनी, अर्ज वेळेत गेला पाहिजे. वैशू, कोण खोलणार?" पहिल्यांदाच या प्रश्नाला मला गेटावर जाऊन यावं लागलं नाही. त्या ऑफिसात मी सहा वर्षांची असल्यापासून जात होते. लिफाफा ऑफिसचे हेडक्लार्क, बडे बाबू खोलणार होते, बाबांबरोबर वीस वर्षं डबा खाल्लेले. कुठल्या कपाटाचं दार अडकतं, कोणत्या टेबलावर फायली थांबतात, हेही मला माहीत होतं.

काकूंनी त्या दिवशी जो अर्ज लिहिला तसा त्यांनी कधी कोणाला लिहिला नसेल. छापील फॉर्मबरोबर आपल्या शब्दांत एक आवेदन जोडायचं होतं, ते त्यांनी पानभर लिहिलं. बी.कॉम. प्रथम श्रेणी, हिंदी टायपिंगमध्ये पहिली, इंग्रजी टायपिंग, कॉम्प्युटर, दोन वर्षं खासगी शाळेत मुलांना हिशेब शिकवले. ती शाळा मी बाबा जायच्या आधीच सोडली होती, बँकेच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी. शिवाय या कार्यालयाची पद्धत लहानपणापासून पाहिली आहे, पहिल्या दिवसापासून काम करू शकेन, असंही. काकूंनी ते बडे बाबूंच्या आवाजात वाचून दाखवलं आणि त्यांना एकदाही जांभई आली नाही. आईने संमतीची सही केली. मला काही वाटलं नाही, पण काकू खूश होत्या हे दिसत होतं.

बडे बाबूंनी तो अर्ज उभ्यानेच वाचला. मग चष्मा काढला आणि मला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. "बेटा, अर्जी तो बहुत बढ़िया है. पर इसमें तो सब कुछ है तुम्हारे पास. फिर अनुकंपा किस बात की?" मला त्यांचं म्हणणं समजलं नाही. त्यांनी आवाज खाली आणला. जागा थोड्या, घरं जास्त. कमेटी एवढंच बघते की कोणाचा आधार गेलाय. "जो कमा सकता है, उसको बोलेंगे कि जाओ, कमा लो. ये वापस ले जाओ. छोटा लिखो. थोड़ा रोता हुआ लिखो. मम्मी की तबीयत का भी डाल देना. सोमवार तक दे दो, मैं रुकता हूँ." बडे बाबू वाईट माणूस नव्हते. निघताना त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि मी तो पूर्ण प्यायले.

काकूंना मी जसंच्या तसं सांगितलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "कोण वाचणार ते विचारलं, तो शोधतोय काय ते नाही विचारलं. एवढी वर्षं हेच करतेय, आणि तुझ्या वेळेला चुकले." मग त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि तोच अर्ज समोर घेतला. "शाळेत शिकवलं ती ओळ. जाऊ दे?" मी म्हटलं, "जाऊ दे." "पहिली आलीस ते?" "जाऊ दे." "इंग्रजी टायपिंग?" "जाऊ दे." प्रत्येक ओळीला त्या मला विचारत होत्या आणि मी तेच म्हणत होते. हिंदी टायपिंगच्या ओळीवर त्यांचं बोट जरा थांबलं. मी म्हटलं, "काकू, लवकर करा ना, आई एकटी आहे." आठ ओळी गेल्या.

खोटं मात्र काकूंनी लिहिलं नाही. आई घरून फोनवर म्हणत होती, "लिहा हो, मी आजारी आहे म्हणून. काय फरक पडतो आता?" काकू म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही आजारी नाही. जे आहे त्यातलं गाळीन, जे नाही ते घालणार नाही." शेवटी पानावर चार ओळी राहिल्या. प्रार्थीच्या वडिलांचं निधन झालं आहे, प्रार्थी अविवाहित आहे, घरात कमावणारं कोणी नाही, तरी विचार व्हावा. काकूंनी ते मोठ्याने वाचलं नाही. कागद छापून माझ्या हातात दिला आणि खिडकी उघडायला उठल्या.

महिन्याभराने कमेटीसमोर बोलावणं आलं. तिघं होते. दोघं फायली बघत होते. तिसरे साहेब पांढऱ्या केसांचे, चेहऱ्याने मायाळू. त्यांनी बाबांची चौकशी केली, आईची केली आणि मग सहज विचारलं, "बेटी, टाइपिंग-वाइपिंग कुछ आती है?" मला काकूंनी गाळलेली ओळ दिसली, बडे बाबूंचा चष्मा दिसला, अकोल्याची रंगवलेली खोली दिसली. मी म्हटलं, "नहीं सर." "कंप्यूटर?" "नहीं सर." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. हे खोटं मला कोणी शिकवलं नव्हतं.

नोकरी लागली. दफ्तरीची. फायली बांधायच्या, कपाटात लावायच्या, डाक टेबलाटेबलावर वाटायची. क्वार्टर राहिलं. आईने देवापुढे साखर ठेवली आणि कितीतरी दिवसांनी स्वतःहून स्वयंपाकघरात गेली. मी काकूंना सांगायला फ्रीगंजला गेले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "बाबूची ना, कारकुनाची?" मी म्हटलं, "नाही, दफ्तरी." "का गं?" "तीच जागा होती." काकूंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. "टायपिंगची ओळ ठेवायला हवी होती," त्या म्हणाल्या. त्यांना खरं काय ते सांगायला दोन शब्द पुरले असते. मी सांगितले नाहीत. घाबरून वगैरे नाही, मला ते सांगण्यासारखंच वाटलं नाही. तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

दोन वर्षांनी बडे बाबू निवृत्त झाले. हार-तुरे झाल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "एक बात कहूँ, बेटा? उस दिन नौकरी तो तुम्हारी तय हो चुकी थी. बड़े साहब बस ये देख रहे थे कि बाबू की पोस्ट पर डालें या नीचे. टाइपिंग को हाँ बोल देती तो बाबू बनती." मी त्यांना म्हटलं, "कोई बात नहीं, अंकल." आणि गुलाबजाम वाटायला आत गेले.

या काळात मला टायपिंग येत नव्हतं. म्हणजे येत नाही, असं मी वागत होते. नवीन लागलेला बाबू दोन बोटांनी अक्षरं शोधत बसायचा आणि मी फाइल हातात धरून शेजारी उभी असायचे. सुरुवातीला हात शिवशिवायचे. मग मी फाइल दोन्ही हातांनी धरायला लागले. पुढे शिवशिवणंही थांबलं. ऑफिसात मला सगळे चांगलं वागवायचे, ‘बेचारी’ म्हणायचे, आणि मला त्या शब्दाचं काही वाटत नसे. पहिल्या वर्षी वाटलं होतं.

काकू मात्र ती गोष्ट विसरल्या नाहीत. दिवाळीत फराळ घेऊन गेले की विचारायच्या, "अजून दफ्तरीच?" आणि चकलीचा तुकडा हातात धरून बसायच्या. त्यांनी साहेबांचे आवाज काढणं बंद केलं होतं. नव्या मुलींना ते कधी ठाऊकच झालं नाही. लिफाफा काढल्यावर त्या आता दोन प्रश्न विचारायच्या, कोण खोलणार आणि तो काय शोधतोय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत लोकांना आठवडा आठवडा थांबवून ठेवायच्या. काही वैतागून दुसरीकडे जायचे. मी हे सगळं बघत होते आणि चकल्या चांगल्या झाल्यात म्हणत होते.

मागच्या वर्षी काकूंचे गुडघे फारच दुखायला लागले. जिना होईना. मुलीने त्यांना भोपाळला न्यायचं ठरवलं आणि क्लास बंद झाला. भोपाळला त्या सात-आठ महिनेच जगल्या. पण निघायच्या आदल्या दिवशी, रविवार होता म्हणून, मी सामान बांधायला मदत करायला गेले होते. टाइपरायटर आधीच गेले होते. कॉम्प्युटर सुतळीने बांधून भिंतीशी ठेवले होते. काकू खोलीतल्या उरलेल्या एका खुर्चीत बसून मला काय कुठे ठेवायचं ते सांगत होत्या.

मध्येच म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसात बाबूच्या जागांसाठी परीक्षा निघालीय म्हणे. खालच्या लोकांना वर घेण्यासाठी. तू अर्ज भरलास?"

"नाही."

"का?"

"टायपिंगची परीक्षा आहे, काकू. मला टायपिंग येत नाही असं त्यांच्या फाइलीत आहे."

"कोणाच्या फाइलीत? मी तसं कुठे लिहिलं होतं? मी फक्त ओळ गाळली होती." त्यांचा आवाज चढला. "नाही, माझंच चुकलं. ती ओळ मी गाळायला नको होती. सहा वर्षं झाली, माझ्या डोक्यातून जात नाही ते. मी तुझं आयुष्य..."

"तुम्ही नाही काकू," मी म्हटलं. "त्यांनी मला समोरासमोर विचारलं होतं, टायपिंग येतं का. मीच नाही म्हटलं."

मला वाटलं, आता काकू रागावतील. सहा वर्षं मी त्यांना त्यांच्याच चुकीत बसवून ठेवलं होतं, रागवायचा त्यांना हक्कच होता. त्या रागावल्या नाहीत. खुर्चीचे हात धरून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून भिंतीपर्यंत गेल्या आणि एका कॉम्प्युटरची सुतळी सोडायला लागल्या. गाठ सुटेना तेव्हा दाताने सोडली.

"काकू, राहू दे ना. उद्या तुमची गाडी आहे."

"वायर लाव."

मी वायर लावली. त्यांनी मला त्या एकुलत्या एक खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "मी बोलते, तू टाइप कर. सेवा में." मी टाइप केलं. हात जड झाले होते, अक्षरं चुकत होती. काकू थांबत होत्या. "प्रार्थी को हिंदी टाइपिंग आती है." ती ओळ लिहायला मला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही.

"ते विचारतील काकू," मी म्हटलं. "फाइलीत उलटं आहे. तेव्हा नाही म्हणालीस, आता कुठून आलं, असं विचारतील."

"विचारू दे. खरं काय ते सांग."

"काय खरं?"

"तेव्हा काय झालं होतं तुला?"

मी विचार केला. कोणी मला हे कधी विचारलं नव्हतं, आणि मीही नाही. "घाबरले होते," मी म्हटलं.

"मग तेच लिही. ‘उस दिन प्रार्थी डर गई थी.’"

"असं कोण लिहितं काकू अर्जात?"

"कोणी नाही लिहीत. तू लिही."

मी ते लिहिलं. पाच-सहा शब्दांची ओळ. ती समोर उमटली आणि मला रडू आलं. बाबांचं आलं. त्यांच्या न उघडलेल्या डब्याचं, आईने तो घासला त्याचं, सगळं सहा वर्षांचं एकदम आलं. मी कीबोर्डवर वाकून मोठ्याने रडत होते आणि खाली औषधाच्या दुकानात माणसं बोलत होती.

सवयीने माझा हात कीबोर्डच्या कोपऱ्याकडे गेला, ती ओळ खोडायला. काकूंनी मागून माझं मनगट धरलं.

"रडून घे," त्या म्हणाल्या. "ती ओळ राहू दे."